विश्लेषण : समाजसेवेसाठी पदवी कशाला? ‘एमएसडब्ल्यू’मध्ये नेमके काय शिकवतात?

पदवीचा निकाल लागला की लोणंदसारख्या गावात पुढची चर्चा ठरलेली असते. शिरवळच्या कंपनीत लागायचे, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, की बी.एड.ला नंबर लावायचा. त्यात एखाद्या मुलीने ‘मी एमएसडब्ल्यू करते’ असे म्हटले, तर घरात दोन प्रश्न हमखास येतात. समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागते? आणि ते शिकून पगार कोण देणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माहितीपुस्तिकांमध्ये मात्र त्यांची सरळ उत्तरे क्वचितच मिळतात.

समाजसेवा आणि समाजकार्य यांत फरक काय?

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत गावातले घर न् घर राबत असते. कोणी जेवण देतो, कोणी पाणी, कोणी पाय चेपून देतो. ही सेवा आहे आणि ती करायला कोणाला शिकवावे लागत नाही. पण पालखी तरडगावकडे गेल्यावर मागे काही गोष्टी उरतात. आजारी पडून मागे राहिलेली, घरचा पत्ता सांगायला का-कू करणारी म्हातारी असते. साचलेला मैला असतो आणि तो उपसणारे ठरावीक घरांतले लोक असतात. त्या म्हातारीला घरी कोण नेणार, घरी नेले तर ती तिथे टिकेल का, मैला उपसण्याचे काम वर्षानुवर्षे त्याच घरांच्या वाट्याला का येते, हे प्रश्न समाजकार्याचे. ज्याला आज मदत केली त्याच्यावर उद्या पुन्हा हात पसरायची वेळ का येते, याचा शोध घेणे आणि ती वेळ टळावी म्हणून त्याच्याच साथीने काम करणे, अशी ढोबळ व्याख्या करता येईल.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो लोणंदकरांनी घेतला तर जास्तच शोभतो. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव हे याच खंडाळा तालुक्यातले. त्यांनी कुठे समाजकार्याची पदवी घेतली होती? जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांना तिथे गुपचूप, सुखरूप बाळंत होता येत असे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला.

आक्षेप खरा आहे. करुणा किंवा हिंमत कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. पण बालहत्या प्रतिबंधक गृहाकडे जरा बारकाईने पाहिले तर दिसते, की त्यात भूतदया होती तशी योजनाही होती. बाईचे नाव बाहेर फुटणार नाही याची हमी होती, मूल ठेवायचे की सोडून जायचे याची मोकळीक होती आणि मागे राहिलेल्या मुलांची सोय होती. गोपनीयता, निर्णयाचा हक्क आणि पुढची व्यवस्था या तिन्ही गोष्टी आज एमएसडब्ल्यूच्या पहिल्या सत्रात शिकवल्या जातात. फुले दाम्पत्याला त्या स्वतःच्या बुद्धीने सुचल्या. जिल्ह्या-जिल्ह्यात बालकल्याण समित्या, समुपदेशन केंद्रे आणि रुग्णालये चालवायची, तर प्रत्येक खुर्चीवर सावित्रीबाई मिळतील अशी अपेक्षा धरता येत नाही. शिक्षणाची गरज तिथे लागते.

हा अभ्यासक्रम आला कुठून?

मुंबईतून. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी मिशनरी होते आणि त्याआधी नागपाड्याच्या वस्तीत ते केंद्र चालवत होते. १९४४ मध्ये या संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) झाले आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ मध्ये आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. पुढे राज्यभर समाजकार्य महाविद्यालये निघाली. त्यांतली अनुदानित महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आहेत, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते.

मूळ साचा अमेरिकी शहरांतला असल्याने त्याच्या खुणा अजून दिसतात. व्यक्तीची अडचण व्यक्तीपाशीच सोडवण्यावर तिथे भर होता. आपल्याकडे एकट्या माणसाची अडचण बहुधा एकट्याची नसते. त्यात जात येते, भावकी येते, सातबारा येतो. गावाकडून आलेल्या विद्यार्थ्याला हे पुस्तकाआधीच कळलेले असते, आणि त्याचा त्याला या शिक्षणात फायदाच होतो.

दोन वर्षांत शिकवतात काय?

कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांचा एमएसडब्ल्यू करता येतो. बारावीनंतर बीएसडब्ल्यू आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे आणि संशोधन हे विषय असतातच, पण कणा सहा पद्धतींचा आहे : व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती. नावे जड आहेत. जिल्ह्यातल्याच एका उदाहरणाने ती सोपी होतील.

मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून तिचे नाव ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ ठेवायची रीत सातारा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने साताऱ्यात समारंभ घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. देशा-परदेशातल्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. उपक्रम चांगलाच होता. पण समाजकार्याच्या वर्गात तो आला, तर चर्चा समारंभ संपल्यावर सुरू होते. नाव बदललेल्या मुलीला घरी अजून जुन्याच नावाने हाक मारतात का? शाळेच्या दाखल्यावर नवे नाव चढले का, नसेल तर कोणाकडे अर्ज करायचा? हे व्यक्तिसहाय्य झाले. अशा सात-आठ मुलींना एकत्र बसवून, आपल्या नावाचे काय वाटायचे हे त्यांना एकमेकींशी बोलता यावे, हे गटकार्य. गावातल्या सासवा-सुनांच्या बैठकीत ‘दुसरीही मुलगीच झाली’ हे वाक्य दुःखाच्या सुरात का उच्चारले जाते, यावर बोलणे आणि बचत गट, ग्रामसभा यांना त्यात ओढणे हे समुदाय संघटन. आणि गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आपल्या तालुक्यात पाळला जातो का, सोनोग्राफी केंद्रांची तपासणी होते का, हे विचारत राहणे ही सामाजिक कृती.

प्रश्न एक आणि शिरायचे दरवाजे चार. कोणत्या वेळी कोणत्या दरवाजातून आत जायचे, याची समज आली तर दोन वर्षे कारणी लागली असे म्हणता येईल.

क्षेत्रकार्य म्हणजे नेमके काय?

या पदवीचा खरा कस इथे लागतो. आठवड्यातले दोन दिवस, साधारण पंधरा तास, विद्यार्थी वर्गाबाहेर असतो. कोणी रुग्णालयात, कोणी बालगृहात, कोणी वस्तीत, कोणी कारखान्यात. त्याशिवाय एक ग्रामीण शिबिर आणि शेवटी काही आठवड्यांचे सलग क्षेत्रकार्य. हे सारे गुणांसाठी असते आणि त्यात नापास झाले तर बाकीच्या विषयांतले गुण उपयोगी पडत नाहीत.

पहिले काही आठवडे बहुतेकांचे वाया गेल्यासारखे वाटतात. वस्तीत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कोणती योजना आणलीय, ताई?’ योजना आणलेली नसते. दुसरा प्रश्न, ‘कुठल्या पक्षाच्या तुम्ही?’ पक्षही नसतो. मग ‘येऊन करता काय?’ या प्रश्नाला उत्तर देता देता विद्यार्थ्याला स्वतःलाच ते शोधावे लागते. बसणे, ऐकणे, पुन्हा जाणे, सांगितलेल्या दिवशी सांगितलेल्या वेळी जाणे. विश्वास मिळवायला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

दर भेटीनंतर अहवाल लिहायचा असतो. काय पाहिले, कोण काय बोलले, आपण काय केले, आपल्याला काय वाटले, हे वेगवेगळे. दिसायला कारकुनी काम, पण या शिक्षणातली सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे. समजा, विद्यार्थ्याने लिहिले, ‘आई निष्काळजी आहे, मुलाला शाळेत पाठवत नाही.’ चांगला मार्गदर्शक शिक्षक ‘निष्काळजी’खाली रेघ मारतो आणि विचारतो, पाहिलेस काय? पाहिलेले असते एवढेच, की मंगळवारी सकाळी अकराला मुलगा घरी होता आणि आई नव्हती. आई कांद्याच्या निवडणीला गेलेली असू शकते. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नसू शकते. शिक्का मारायची सवय आपल्या सगळ्यांना असते. ती सुटायला दोन वर्षेसुद्धा कमीच पडतात.

लोणंदच्या आसपास राहणाऱ्याला क्षेत्र शोधायला लांब जावे लागत नाही. कांद्याच्या मोठ्या बाजारात हमाल आणि तोलणार आहेत, निवडणीच्या बाया आहेत. त्यांच्यासाठी १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा आहे. पण कायद्याची नोंदणी कोणाची झाली, निवडणीला येणाऱ्या बायांची झाली का, अंगावरची जखम कामावर झाली हे कोण लिहून घेतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. माण, खटाव, फलटणकडच्या मेंढपाळांची बिऱ्हाडे वाड्यासह फिरतात. त्यांच्या मुलांची हजेरी कोणत्या शाळेच्या पटावर? ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात येतात, त्यांतल्या गरोदर बाईचे लसीकरण कोणत्या अंगणवाडीत? यांतला एकेक प्रश्न एका विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल.

गावातच क्षेत्रकार्य करण्याला एक धोका मात्र आहे, आणि तो आधीच सांगितलेला बरा. लहान गावात प्रत्येक जण कोणाचा तरी पाहुणा असतो. मारहाण झालेल्या बाईने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्याच चुलत्याच्या घरातली निघू शकते. म्हणून शक्यतो आपल्या गावाच्या शेजारचे गाव निवडावे, स्वतःचे नको.

अशा कामातून काही मोठे उभे राहते का?

राहते. संकटातल्या मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत ‘टिस’चा क्षेत्रप्रकल्प म्हणून सुरू झाली. तिथल्या अध्यापक जेरू बिलिमोरिया त्यामागे होत्या. रस्त्यावरची मुले त्यांना वेळी-अवेळी फोन करत, त्यातून ही कल्पना निघाली. पुढे ती देशभर पसरली. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही ‘टिस’चाच. मार खाऊन आलेल्या बाईशी आधी प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने बोलावे, आणि तेही पोलीस ठाण्याच्या आवारातच, ही त्यामागची कल्पना होती. आज असे कक्ष राज्यातल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत.

पुण्यातली गोष्ट आणखी बोलकी आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायका-मुलींपर्यंत पोचल्या त्या साक्षरतेच्या निमित्ताने. वर्गापेक्षा कचराकुंडीपाशी त्यांना जास्त कळले. सोसायट्यांनी सुका कचरा वेगळा दिला तर या बायांचे उकिरड्यात हात घालणे टळेल आणि मालाला भावही बरा मिळेल, हे लक्षात आले. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. सुरुवात अक्षरओळखीची होती, आणि पुढे झाली ती संघटना. बायांनी काय मागितले हे ऐकून घेतले म्हणून तसे घडले.

आपल्याकडेही असे ऐकून घेणारे काम आहे. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ ही मीना सेशू यांची संस्था वेश्याव्यवसायातल्या महिलांसोबत काम करते. सुटका करून पुनर्वसन करणे हे ठरलेले उत्तर तिथल्या बायांनीच नाकारले आणि हक्कांची भाषा धरली. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सभासद निरक्षर म्हणून आधी परवाना नाकारला गेला, तेव्हा बायका लिहायला शिकल्या आणि ‘व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी येतो, विचारून बघा’ म्हणून पुन्हा रिझर्व्ह बँकेपुढे उभ्या राहिल्या. या दोन्ही ठिकाणी नेतृत्वाकडे कोणती पदवी आहे याला फारसे महत्त्व नाही. मात्र वर्गात ‘सहभाग’ हा शब्द ऐकून कंटाळलेल्या विद्यार्थ्याने म्हसवडला एक चक्कर जरूर मारावी.

नोकरी मिळते का?

मिळते. कोणत्या प्रकारची, हा खरा प्रश्न आहे. कायद्यांनी या पदवीसाठी बऱ्याच जागा निर्माण केल्या आहेत. कारखाने अधिनियम १९४८ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी लागत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा २५० वर आणला आहे. शिरवळ-खंडाळा-लोणंद पट्ट्यातल्या मुलांनी याकडे लक्ष द्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, त्यातूनही जागा निघाल्या. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक, जिल्हा बाल संरक्षण कक्षात अधिकारी आणि कार्यकर्ते, महिला व बालविकास विभागात परिविक्षा अधिकारी, एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक, ‘उमेद’ अभियानात समन्वयक. बाल न्याय कायद्यात बालकल्याण समितीच्या सदस्यत्वासाठीच्या पदव्यांमध्ये समाजकार्य आहे, पण त्यासाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभवही हवा.

रुग्णालयातल्या जागेचे मोल लोकांना सहसा कळत नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याची तरतूद आहे. खंडाळ्याहून पुण्याला नेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला हे ठाऊक नसते. तिथल्या समाजकार्यकर्त्याने ते पहिल्याच दिवशी सांगितले आणि कागद पुरे करून घेतले, तर त्या घराची जमीन गहाण पडायची वाचते.

आता दुसरी बाजू. यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, प्रकल्प संपला की घरी, मानधन कधी वेळेवर तर कधी तीन-तीन महिन्यांनी. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्यासारखी नोंदणी करणारी वैधानिक परिषद एकूण समाजकार्यासाठी भारतात नाही. म्हणून ‘समाजसेवक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो आणि पदवीधराच्या जागी संस्थाचालकाचा भाचाही बसू शकतो. थोडा अपवाद आरोग्य क्षेत्राचा. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या परिशिष्टात वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्यकर्ते आले आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्याची व्याख्या आहे, पण त्यासाठी एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचे एम.फिल. लागते. स्थिर नोकरी हीच पहिली अट असेल, तर एमएसडब्ल्यूसोबत स्पर्धा परीक्षेची तयारी ठेवावी किंवा मनुष्यबळ शाखा घ्यावी, हे स्पष्ट सांगायला हवे. तसे केल्याने कोणी कमी सामाजिक ठरत नाही.

सातारा-सांगलीच्या मुलांनी कुठे जावे?

साताऱ्याजवळ जकातवाडीला शिवाजी विद्यापीठाशी संलग्न यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे. कोल्हापुरात सायबरमध्ये हा अभ्यासक्रम आहे. पुण्यात कर्वे संस्था, मुंबईत ‘टिस’ आणि निर्मला निकेतन. ग्रामीण प्रश्नांची ओढ असेल तर ‘टिस’चे तुळजापूर केंद्र पाहावे. ‘टिस’साठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा दूरशिक्षण पर्याय आहे, क्षेत्रकार्य त्यातही सुटत नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरायची असते. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले निकालाआधीच काढून ठेवलेले बरे.

इमारत आणि फी यांची चौकशी सगळेच करतात. प्रवेश घेण्याआधी आणखी काही विचारावे. एका मार्गदर्शक शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? अहवाल दर आठवड्याला वाचून परत मिळतात की सत्राअखेर एकदम सही होते? गेल्या वर्षीची मुले क्षेत्रकार्याला कोणत्या संस्थांत होती? त्यांतल्या दोघा-तिघांना गाठून, सर किंवा मॅडम वस्तीत कधी आले होते का, हे विचारावे. आणि खर्चाचा हिशेब धरताना फीबरोबर प्रवासही धरावा. क्षेत्रकार्याचे विद्यावेतन सहसा मिळत नाही. लोणंदहून रोज साताऱ्याला ये-जा करणाऱ्या मुलीसाठी तर वेळेचाही प्रश्न असतो. कॉलेज पाचला सुटते, पण वस्तीतल्या बायका कामावरून परततात सातनंतर, आणि बोलायला बसतात त्याच वेळी. परतीची एसटी किंवा रेल्वे किती वाजता आहे ते पाहून, त्या दोन दिवसांपुरती तरी साताऱ्यात राहायची सोय कुठे होईल, हे प्रवेशाआधी घरात बोलून घ्यावे.